सुई, रक्तदाब आणि लांबणीवर पडलेलं ऑपरेशन

एक्केचाळीस वर्षांचे गृहस्थ. काम हिशेबनीसाचं, तब्येत एरवी ठणठणीत, उजव्या जांघेत हर्निया. सर्जननी ऑपरेशन सांगून दीड वर्ष उलटलं होतं. या दीड वर्षात त्यांनी हर्नियाचा पट्टा बांधला, जड उचलणं सोडलं, खोकला आला की जांघेवर हात दाबून धरायची सवय लावून घेतली. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीचं मात्र काही केल्या जमेना. एकदा लॅबच्या दारातून परत फिरले, एकदा आत जाऊन पडले. शेवटी सर्जननी स्पष्ट सांगितलं, ‘आतडं अडकलं तर ऑपरेशन तातडीनं करावं लागेल, तेव्हा तुमच्या भीतीसाठी थांबायला कुणाला वेळ नसेल.’ त्यानंतर बायकोनं त्यांना मानसोपचारासाठी आणलं.

हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या अनुभवांचे धागे जुळवून ते रचलं आहे. उपचाराचा क्रम मात्र प्रत्यक्षात चालतो तसाच ठेवला आहे.

पहिल्या भेटीत बायकोचा सूर वैतागलेला होता. ‘अहो, लहान मुलंसुद्धा घेतात की इंजेक्शन!’ हे वाक्य त्यांनी घरी किती वेळा ऐकलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ते स्वतः म्हणाले, ‘मला कळतं हो, काही होणार नाही. पण शरीर ऐकत नाही.’ भयगंड (फोबिया) असलेला जवळपास प्रत्येक प्रौढ माणूस पहिल्या पाच मिनिटांत या अर्थाचं काहीतरी बोलतो. भीती अवाजवी आहे हे कळणं आणि ती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आधी ‘प्रौढ व्यक्तीला आपली भीती अवाजवी असल्याची जाणीव हवी’ अशी अट होती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती काढली. आता भीती धोक्याच्या मानानं अवाजवी आहे का, हे तपासणाऱ्यानं ठरवायचं असतं. शिवाय ती साधारण सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकलेली हवी आणि तिच्यामुळे आयुष्यात खरोखरचा अडथळा यायला हवा. इथे या तिन्ही गोष्टी होत्या.

‘सुईची भीती’ एवढ्यावर उपचार ठरत नाहीत. नेमकं कधी काय होतं, हे खोदून विचारावं लागतं. दुखण्याची भीती आहे का? नाही, दातदुखी त्यांनी आठवडाभर निमूट सोसली होती. जंतुसंसर्गाची? नाही. सुई दिसली की? तेवढ्यानं छाती धडधडते, पण चालतं. मग ते थोडे थांबले, उजव्या हाताचा तळवा डाव्या कोपराच्या खळगीवर ठेवला, जणू तिथे कुणी हात लावेल, आणि म्हणाले, ‘सुई शिरायच्या आधी कातडी किंचित आत दबते ना, तिथे सगळं संपतं.’ नुसतं सांगतानाही त्यांच्या ओठांचा रंग उतरला. पुढे कळलं की कोपराच्या त्या खळगीला ते घरच्यांनाही हात लावू देत नाहीत आणि ‘शीर’ हा शब्द ऐकला तरी त्यांना मळमळतं. म्हणजे इथे भीतीइतकीच किळसही होती. रक्त, जखम, इंजेक्शन यांच्या भयगंडात ती बऱ्याचदा आढळते. कुत्र्याच्या किंवा उंचीच्या भीतीत ती सहसा नसते.

आता लॅबमध्ये पडले त्या दिवसाबद्दल. त्याआधी कुणीतरी त्यांना भीतीवरचा नेहमीचा उपाय शिकवला होता: डोळे मिटा, खोल श्वास घ्या, एकेक अवयव सैल सोडा. त्यांनी तो मनापासून केला. खुर्चीत बसले, अंग सैल सोडलं, लांब लांब श्वास घेतले. रबरी पट्टा आवळला गेला, स्पिरिटचा बोळा फिरला आणि सुई टोचायच्या आधीच ते खुर्चीतून घसरले. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. बेशुद्धीत हातापायांना दोन-चार झटके आले. कुणीतरी ओरडलं, ‘यांना फिट आली!’ पुढचे कितीतरी महिने ते भीतीपेक्षा जास्त या ‘फिट’च्या काळजीत होते.

मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडलं की असे झटके येऊ शकतात आणि ते अपस्मार नसतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पण ते असं परस्पर गृहीतही धरायचं नसतं. म्हणून उपचार सुरू करण्याआधी फिजिशियनकडून तपासणी करून घेतली: ईसीजी, झोपून आणि उभं राहून घेतलेला रक्तदाब, घराण्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, कधी पळताना किंवा आडवं असताना शुद्ध हरपली आहे का. सगळं निर्धोक निघालं. घराण्याचा विषय निघाला तेव्हा मात्र दुसरीच गोष्ट समोर आली. वडील रक्त पाहून पडायचे आणि बहीण कान टोचताना पडली होती. हे अपवादात्मक नाही. या भयगंडाइतका कुटुंबात वारशानं दिसणारा भयगंड क्वचितच असेल.

बाकीच्या भयगंडांत माणूस ‘आता मी चक्कर येऊन पडणार’ असं म्हणतो, पण पडत नाही. लिफ्टमध्ये, गर्दीत, सापाचं चित्र पाहून छातीचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि चढलेल्या रक्तदाबात मूर्च्छा येणं कठीण. रक्त-इंजेक्शनच्या भयगंडात शरीर दोन टप्प्यांत वागतं. आधी ठोके आणि रक्तदाब इतरांसारखेच वाढतात. मग अचानक उलटी चाल सुरू होते. व्हेगस मज्जातंतू हृदयाची गती उतरवतो, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांकडे साचतं आणि मेंदूचा पुरवठा तुटपुंजा होतो. टाकीतलं पाणी कमी झालं की वरच्या मजल्याचा नळ आधी कोरडा पडतो, तसं. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्ताचा भयगंड असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के आणि इंजेक्शनचा भयगंड असलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांना प्रत्यक्ष मूर्च्छा येऊन गेलेली होती. म्हणून या रुग्णाची ‘मी पडेन’ ही भीती नुसती कल्पना नव्हती. ती अनुभवातून आलेली होती आणि ‘काही होणार नाही’ हे आश्वासन त्यांच्यापुरतं खोटं होतं.

हे त्यांना सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. आरामखुर्चीत जवळजवळ आडवं बसवून, दंडाला रक्तदाबाचं यंत्र लावून, रक्त काढतानाची एक छोटी चित्रफीत दाखवली. सुरुवातीला रक्तदाब १२४/८०, नाडी ७६. चित्रफीत सुरू होताच १३८/८६ आणि ९८. सुई त्वचेला टेकली तशी त्यांनी एक मोठी जांभई दिली, कपाळावर घाम आला आणि यंत्रानं ९४/५८ दाखवलं, नाडी ५६. चित्रफीत थांबवली, खुर्ची पूर्ण आडवी केली, पाय उंच ठेवले. दोन मिनिटांनी रंग परत आल्यावर त्यांनी ते आकडे कागदावर उतरवून घेतले. हिशेबनीसच ते. म्हणाले, ‘म्हणजे मी भित्रा नाही, माझा बीपी पडतो.’ भीती आणि बीपी पडणं, दोन्ही खरं होतं, पण त्या दिवशी त्यांना दुसरं अर्धं ऐकायची गरज होती, म्हणून मी वाद घातला नाही.

शरीर सैल सोडण्याचा सल्ला इतका सार्वत्रिक कसा झाला, याला इतिहास आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. त्याला आवडीचा खाऊ देत असताना ससा थोडा थोडा जवळ आणला गेला. भीतीच्या जोडीला भीतीविरोधी अवस्था आणायची, ही कल्पना जोसेफ वोल्पे यांनी पुढे नेली आणि १९५८ च्या ग्रंथात तिचं पद्धतशीर तंत्र मांडलं: रुग्णाला स्नायू शिथिल करायला शिकवायचं आणि त्या अवस्थेत भीतीच्या पायऱ्या एकेक करून कल्पनेत चढवायच्या. तंत्र गाजलं आणि भीती म्हटलं की ‘रिलॅक्स व्हा’ हे समीकरण रूढ झालं. चढलेल्या रक्तदाबाच्या भीतींसाठी ते निदान निरुपद्रवी तरी आहे. ज्याचा रक्तदाब कोसळणार आहे त्याला अंग सैल सोडायला सांगणं म्हणजे पडण्याला हातभार. शिवाय घाबरलेला माणूस ‘खोल श्वास’ घेताना भराभर आणि जास्त हवा घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं आणखी हलकं होतं. त्या दिवशी लॅबमध्ये हे सगळं एकदम घडलं होतं.

यावर ऊस्ट आणि त्यांचे सहकारी स्टर्नर यांनी १९८७ मध्ये मांडलेलं तंत्र नेमकं उलट आहे. त्याला ‘अप्लाइड टेन्शन’ म्हणतात. हात, पाय आणि धड यांचे मोठे स्नायू १० ते १५ सेकंद आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग सोडायचे, पण पूर्ण सैल नाही, फक्त नेहमीच्या स्थितीत यायचं. अर्धा मिनिट थांबायचं, पुन्हा आवळायचं. असं पाच वेळा, दिवसातून पाच वेळा. स्नायू आवळले की रक्त पायांतून वर ढकललं जातं आणि रक्तदाब तग धरतो. सराव पक्का झाला की पडण्याच्या अगदी पहिल्या खुणेला तो वापरायचा. १९९१ च्या त्यांच्याच तुलनात्मक अभ्यासात नुसतं भीतीला सामोरं गेलेल्या गटापेक्षा स्नायू आवळायला शिकलेले दोन्ही गट (एक भीतीला सामोरं जाऊन आवळणारा, दुसरा नुसतं आवळणं शिकलेला) बरेच पुढे होते. नंतरच्या आढाव्यांत हे श्रेष्ठत्व तितकं ठाम राहिलं नाही. भीतीला सामोरं जाणं हाच उपचाराचा कणा ठरतो. माझं मत असं की ज्याला खरोखर मूर्च्छा येते त्याला हे तंत्र द्यावंच, कारण हातात काहीतरी असल्याशिवाय तो खुर्चीत बसायलाच तयार होत नाही.

पण या गृहस्थांना हर्निया होता. पोट आणि कंबर आवळली की पोटातला दाब वाढतो आणि हर्नियाला नेमकं तेच नको असतं. सर्जनशी बोलून तंत्रातून धड वगळलं. मुठी वळणं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून बाहेर ओढणं, पायांची घडी घालून मांड्या एकमेकींवर दाबणं, एवढंच ठेवलं. वारंवार मूर्च्छा येणाऱ्या रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञही असेच प्रकार शिकवतात. श्वास रोखायचा नाही, हे बजावून सांगितलं.

तरी पुढच्या भेटीत त्यांनी तक्रार केली, जांघेत ओढ लागते. ‘करून दाखवा बरं.’ त्यांनी डोळे घट्ट मिटले, जबडा आवळला, श्वास कोंडला आणि मान लाल होईपर्यंत सगळं अंग ताणलं. ‘व्हायचं तर नीट व्हावं’ म्हणून घरी रोज असंच चालू होतं. मग सराव बोलत बोलत करायला लावला. मांड्या दाबून धरायच्या आणि मोठ्यानं आकडे मोजायचे. आकडे अडखळले की श्वास रोखला गेला आहे, एवढी साधी खूण. जांघेतली ओढ थांबली आणि यंत्रावर रक्तदाब वर जाताना त्यांना स्वतःला दिसू लागला.

दुसरं काम होतं खुणा ओळखण्याचं. बहुतेकांना आपण ‘अचानक’ पडतो असं वाटतं. त्यांच्या बाबतीत क्रम ठरलेला निघाला: जांभई, मग तळहात गार, मग कानात गुंई, मग नजरेच्या कडा करड्या. कानात गुंई सुरू झाल्यावर स्नायू आवळून फारसा उपयोग होत नाही. जांभईलाच आवळायला हवं.

भीतीला सामोरं जायच्या पायऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या भागावर सगळीकडे भरपूर लिहिलं जातं. ‘शीर’ हा शब्द लिहिणं, सुईची चित्रं, तीच चित्रफीत, बंद पाकिटातली सिरिंज हातात धरणं, कोपराच्या खळगीत स्वतःचं बोट दाबणं, रबरी पट्टा बांधून बसणं, लॅबमध्ये जाऊन काहीही न करता खुर्चीत बसून येणं. प्रत्येक पायरीआधी ते एक अंदाज लिहीत: ‘काय होईल आणि त्याची खात्री किती टक्के.’ नंतर प्रत्यक्षात काय झालं ते. मिशेल क्रास्के आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सविस्तर मांडलेल्या दृष्टिकोनात याला महत्त्व आहे. जुनी भीती पुसली जात नाही. ‘टोचलं की मी पडतो’ या जुन्या शिकवणीशेजारी ‘टोचलं आणि पडलो नाही’ ही नवी शिकवण तयार होते. अंदाज चुकल्याचा धक्का जितका मोठा, तितकी ती पक्की. आणि ती जिथे शिकली त्या जागेला चिकटून बसते, म्हणून सराव एकाच खोलीत करून भागत नाही. त्यांना तीन वेगवेगळ्या लॅबमध्ये पाठवलं ते यासाठी.

कोपराच्या खळगीची पायरी सर्वांत जड गेली. बोटानं कातडी दाबायची आणि ती दबताना बघायची. पहिल्यांदा भीती १०० पैकी ९० लिहिली होती, चित्रफितीपेक्षाही जास्त. तिथे आम्ही घाई केली नाही. पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवून तेवढंच चालू राहिलं. शेवटी एके दिवशी ते कंटाळून म्हणाले, ‘आता हे फक्त बोट आहे.’ मग पुढे सरकलो.

औषधाचा प्रश्न बायकोनं विचारला आणि तो रास्त होता. त्यांना पूर्वी एकदा चिंता कमी करणारी गोळी दिली गेली होती. एकदाच अटळ प्रसंग निभवायचा असेल तर डॉक्टर तशी गोळी देतात, पण विशिष्ट भयगंडावरचा मूळ उपचार औषध नाही. गोळी घेऊन निभावलं की श्रेय गोळीला जातं आणि पुढच्या वेळी भीती जागच्या जागी असते. कातडी बधिर करणारं मलमही मिळतं, तासभर आधी लावायचं. दुखण्याला भिणाऱ्यांना ते फार उपयोगी. यांना दुखण्याचं काही नव्हतंच.

रक्त काढायच्या दिवशीची तयारी लॅबला आधी कळवली होती: पलंगावर, पाठ अर्धी उंच, आधी साधारण अर्धा लिटर पाणी पिऊन. आडवं होणं ही पळवाट नाही का, असं त्यांनी विचारलं. ज्याला मूर्च्छेचा इतिहास आहे त्याच्यासाठी ती आधी सुरक्षितता आहे; पळवाटा नंतर एकेक करून सोडायच्या. ज्या हातातून रक्त काढायचं तो हात मात्र सैल हवा, नाहीतर शीर मिळणं अवघड जातं. उरलेला हात आणि दोन्ही पाय त्यांचे. डावा हात मऊ ठेवून बाकी सगळं आवळायचं, हा वेगळा सराव आठवडाभर केला होता. अंदाजाच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘पडेन, ८० टक्के.’

पहिल्या प्रयत्नात शीर सापडली नाही. टेक्निशियननं ‘पुन्हा टोचावं लागेल’ म्हटलं आणि त्यांना जांभई आली. मांड्या दाबल्या, उजवी मूठ आवळली आणि ते मोठ्यानं आकडे मोजू लागले. टेक्निशियन दचकला, बायको हसू दाबत उभी होती. सदतिसाव्या आकड्याला कुपी भरली. भीती त्यांनी ८५ लिहिली. म्हणजे कमी झाली नव्हतीच. पण प्रत्यक्ष काय झालं त्या रकान्यात ‘पडलो नाही, दोनदा टोचूनही’ असं होतं. भीती कमी झाली की मग काम करू, असा बेत धरून बसलेल्या माणसाला हा उलटा क्रम आधी पटत नाही.

त्यानंतर एक नवीच अडचण उभी राहिली. ऑपरेशनला सलाईन लागतं आणि त्यासाठीची सुई हातात तासन्‌तास राहते, हे त्यांना तोवर सुचलं नव्हतं. ‘आतच ठेवतात?’ नर्सनं कॅन्युला हातात देऊन दाखवली. सुई फक्त शिरेत पोचेपर्यंत असते, ती लगेच बाहेर काढतात, आत राहते ती मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी. त्यांनी सुई मागे ओढून नळी बोटानं वाकवून पाहिली. मग सुई काढलेली तशीच एक नळी मनगटाच्या वर कातडीवर चिकटपट्टीनं लावून ते घरी गेले आणि झोपेपर्यंत तशीच ठेवली. ऑपरेशनच्या सकाळी कॅन्युला लावताना भीती ५० होती.

हर्निया दुरुस्त झाला. टाके काढायच्या दिवशी उभं राहिल्यावर त्यांना घेरी आली. ऑपरेशननंतर पाय आवळायची परवानगी अजून नव्हती, म्हणून ठरल्याप्रमाणे ते लगेच आडवे झाले आणि पाय उंच करवून घेतले. यापूर्वी अशा घेरीनंतर त्यांनी पुढची सहा वर्षं दवाखाना टाळला असता. यावेळी दहा मिनिटांनी उठून उरलेले टाके काढून घेतले.

पाठपुराव्यात दोन गोष्टी ठरल्या. दर काही महिन्यांनी एखादी गरजेची तपासणी किंवा निदान लॅबमध्ये एक फेरी, कारण वापर थांबला की नवी शिकवण फिकी पडते. आणि सात वर्षांच्या मुलीसमोर सुईचा विषय निघाला की ‘बघू नको’ म्हणत तिचे डोळे झाकायचे नाहीत. तिच्यात हा कल उतरला आहे की नाही ते पुढे दिसेल. उतरला असेल तर तिला मांड्या दाबणं शिकवणारा माणूस घरातच आहे.

सध्या ते रक्ततपासणीला एकटे जातात, बसून रक्त देतात. कुपीत रक्त चढताना मात्र अजूनही पाहत नाहीत, भिंतीकडे बघतात. त्यावर काम करायचं का, असं विचारलं तर म्हणाले, ‘त्यानं माझं काही अडत नाही.’ मीही ते तिथेच सोडलं.